पाच वेळा हरलेला माणूस आणि दारावर चिकटवलेला कागद

नैरोबीकर_जुना | १९ ऑक्टोबर २०२५, रात्री ९.१०

राईला ओडिंगा गेले. १५ ऑक्टोबरच्या सकाळी, केरळात कूथाट्टुकुलमला. आयुर्वेदिक उपचार घ्यायला आले होते. वय ८०. आज बोंडोला, त्यांच्या वडिलांच्या गावी, दफन झालं. आमच्याकडे येणाऱ्या पेपरात ‘केनियाचे माजी पंतप्रधान’ अशी चार ओळींची बातमी होती, तीही आकाशकंदिलांच्या जाहिरातीखाली.

मी नैरोबीत बारा वर्षं काढली, २०११ ते २०२३, इंडस्ट्रियल एरियातल्या पॅकेजिंगच्या एका कारखान्यात. तीन राष्ट्राध्यक्ष निवडणुका आणि एक फेरनिवडणूक तिथे राहून पाहिली. मत अर्थातच नव्हतं, वर्क परमिटवरचा माणूस मी. पण निवडणूक जवळ आली की आम्हीही पंधरा दिवसांचं पीठ-तांदूळ भरून ठेवायचो, गाडीची टाकी फुल करायचो. कारखान्यातले निम्मे लोक रजा टाकून गावी जायचे. काही मत द्यायला, काही नुसते आपल्या माणसांत असावं म्हणून.

राईला पाच वेळा राष्ट्राध्यक्षपदासाठी उभे राहिले: १९९७, २००७, २०१३, २०१७, २०२२. पाचही वेळा हरले. मला रस आहे तो ते प्रत्येक वेळी हरल्यावर काय झालं यात. जिंकलेल्याला पुरावा लागत नाही हो. पुरावा लागतो तो हरलेल्याला, आणि त्याच्यामागे उभ्या असलेल्या लाखो लोकांना. तो देता येतो की नाही, एवढ्यावर नव्या लोकशाहीचं सगळं अडलेलं असतं असं माझं मत झालंय.

२००७ मी पाहिलं नाही, ऐकलं. २७ डिसेंबरला मतदान झालं. मोजणीत राईला पुढे, मग एकेका भागाचे आकडे उशिरा यायला लागले आणि आघाडी वितळत गेली. ३० तारखेला, रविवारी, तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष म्वाई किबाकी विजयी झाल्याचं जाहीर झालं आणि तासाभरात, अंधार पडता पडता, राष्ट्राध्यक्ष निवासाच्या हिरवळीवर शपथही उरकली. आमच्याकडचा स्टोअरकीपर किकुयू, म्हणजे किबाकींच्या जमातीचा, नाकुरूकडचा. मशीन ऑपरेटर लुओ, म्हणजे राईलांच्या जमातीचा, किसुमूचा. दोघांनी त्या जानेवारीच्या गोष्टी मला वेगवेगळ्या सांगितल्या, एकमेकांसमोर कधीच नाही. अकराशेहून जास्त माणसं मेली, लाखो घरं सोडून पळाली. संयुक्त राष्ट्रांचे माजी सरचिटणीस कोफी अन्नान येऊन बसले तेव्हा फेब्रुवारीअखेर समझोता झाला आणि राईला पंतप्रधान झाले.

नंतर दक्षिण आफ्रिकेचे न्यायमूर्ती क्रीग्लर यांचा चौकशी आयोग बसला. १९९४ ची मंडेलांची निवडणूक ज्यांनी घेतली तेच हे. त्यांचा निष्कर्ष वाचून मी सर्द झालो होतो. खरं कोण जिंकलं हे आता कुणालाच सांगता येणार नाही, इतके आकडे ठिकठिकाणी नासलेत. म्हणजे चोर सापडला नाही असं नव्हे, मुळात तिजोरीत किती होतं याचीच नोंद राहिली नव्हती.

यातून २०१० ची नवी राज्यघटना आली. नवा निवडणूक आयोग, नवं सर्वोच्च न्यायालय. राष्ट्राध्यक्षाला निम्म्याहून जास्त मतं हवीत, शिवाय ४७ पैकी निदान २४ काउंटींमध्ये (आपल्या जिल्ह्यांसारखं) २५ टक्के. निकालाला आव्हान द्यायला सात दिवस, आणि कोर्टाला निकाल द्यायला फक्त चौदा.

आता तो कागद. केनियात मोजणी मतदान केंद्रावरच होते. पाच वाजता दार बंद, पेटी तिथेच उघडायची, एकेक मतपत्रिका वर धरून नाव मोठ्याने वाचायचं. मग फॉर्म ३४-ए भरायचा, सगळ्या पक्षांच्या एजंटांनी सह्या करायच्या, आणि त्याची एक प्रत केंद्राच्या दारावर चिकटवायची. वर जे काही बेरजेला जातं ते इथून. आमचा ड्रायव्हर नैरोबीतल्या उमोजात राहायचा. २०२२ ला रात्री शाळेच्या दारावरच्या कागदाचा फोटो काढून त्याने मला पाठवला. दुसऱ्या दिवशी आयोगाच्या संकेतस्थळावर तोच कागद, तेच आकडे. त्याचा उमेदवार राईला. तो हरला. ड्रायव्हर चार दिवस माझ्याशी धड बोलला नाही, पण कामावर आला.

मधलं २०१७ सांगायचं राहिलं. ते खाली लिहितो, आत्ता अनारसे तळायला बोलावणं आलंय.

---

फटकळ | १९ ऑक्टोबर, रात्री ९.४८

ऐन दिवाळीत केनिया? धागाकर्ते, आपल्याकडे जिल्हा परिषदा-महापालिकांच्या निवडणुका वर्षानुवर्षं रखडल्यात त्यावर लिहा की. लिखाण आवडलं ते वेगळं.

---

मास्तर_सातपुडा | १९ ऑक्टोबर, रात्री १०.३०

मी जिल्हा परिषदेचा शिक्षक, नंदुरबार जिल्ह्यात. एकोणतीस वर्षांत किती निवडणुकांची ड्युटी केली ते मोजणं सोडून दिलंय. दोनदा नर्मदाकाठच्या केंद्रावर बोटीने गेलोय. मशीन मांडीवर घेऊन, कारण बोटीच्या तळाला पाणी साचलेलं.

लोकांना वाटतं निवडणूक म्हणजे मतदानाचा दिवस. आमच्यासाठी ती आदल्या दिवशी साहित्य वाटपाच्या मांडवात सुरू होते. यादी हातात, सील मोजा, शाईची बाटली घट्ट आहे का बघा, लिफाफे बघा. पहाटे अभिरूप मतदान. एजंटांसमोर निदान पन्नास मतं टाकायची, निकाल दाखवायचा आणि मग मशीन क्लिअर करायचं. क्लोज, रिझल्ट, क्लिअर. माझ्या माहितीतला एक केंद्राध्यक्ष हे क्लिअर करायला विसरला. घाई, रांग बाहेर ओरडतेय, चहा नाही पोटात. दुपारी रजिस्टर आणि मशीन जुळेना तेव्हा त्याचा चेहरा जो पांढरा पडला! चोरी नव्हती हो, झोप नव्हती. पण बाहेरच्या माणसाला हे कसं पटवणार?

नैरोबीकर म्हणतात तसा आमचाही कागद असतो, १७-सी. किती मतं पडली त्याचा हिशोब. संध्याकाळी प्रत्येक एजंटाला सहीनिशी प्रत द्यायची. फरक एवढाच की आमच्या कागदावर एकूण मतं असतात, कुणाला किती ते नसतं. ते मोजणी केंद्रावर कळतं. खरं सांगायचं तर अर्धे एजंट पाचच्या सुमाराला उठून जातात आणि प्रत घ्यायला कोणी उरत नाही. हेच लोक पुढे टीव्हीवर घोटाळा झाला म्हणून सांगतात तेव्हा माझ्या हातातल्या त्या उरलेल्या प्रती आठवतात.

एक प्रश्न. केंद्रावरच उमेदवारवार मोजलं की गावात कोणी कुणाला दिलं ते उघडं पडत नाही का? आमच्याकडे पाड्यावरच्या केंद्रात तीनशे मतं असतात. दुसऱ्या दिवशी पाणीच बंद करतील एखाद्या वस्तीचं.

---

मधुरा_के | १९ ऑक्टोबर, रात्री ११.०५

मास्तर, प्रतिसाद फार आवडला. आणि प्रश्न एकदम नेमका.

नैरोबीकर, २००७ ला आयोग नवीन होता का? की अनुभव नसल्यामुळे झालं सगळं? नवी लोकशाही म्हटली की हेच कारण पुढे केलं जातं म्हणून विचारते.

---

नैरोबीकर_जुना | २० ऑक्टोबर, सकाळी ७.१५

अभ्यंगस्नान झालं, आता लिहितो.

@मधुरा: नाही, आणि म्हणूनच ती गोष्ट शिकण्यासारखी आहे. २००७ च्या आयोगाचे अध्यक्ष सॅम्युएल किवुइतु हेच २००२ लाही होते. २००२ ची निवडणूक केनियाची अभिमानाची. डॅनियल अराप मोई यांच्या चोवीस वर्षांच्या राजवटीनंतर सत्ताधारी पक्ष हरला, त्या पक्षाचे उमेदवार उहुरू केन्याटा यांनी पराभव मान्य केला. त्या वेळी राईलांनी स्वतः उभं न राहता ‘किबाकी तोशा’ म्हणजे ‘किबाकी पुरे’ अशी हाक दिली होती. पाच वर्षांनी त्याच किबाकींशी लढत, आणि आयोगावर माणूस तोच.

मग बदललं काय? १९९७ मध्ये पक्षापक्षांत एक समझोता झाला होता की आयोगावर विरोधी पक्षांनी सुचवलेले सदस्यही घ्यायचे. कायद्यात नव्हतं ते, शब्द होता. किबाकींनी २००७ पूर्वी सदस्य नेमताना तो शब्द गुंडाळून ठेवला आणि आपल्या मनाने नेमणुका केल्या. मतदानाच्या किती तरी आधीच विरोधकांच्या मनात पाल चुकचुकली होती. मग आकडे उशिरा आले. एरवी ज्या उशिराला ‘रस्ता खराब असेल’ म्हणून सोडून दिलं असतं, तोच पुरावा ठरला. त्यात घोळ खरेही होतेच, दोन्ही बाजूंच्या बालेकिल्ल्यांत.

अनुभव शून्य असं म्हणता येत नाही त्यांना. वाईट अनुभव मात्र भरपूर. १९८८ ला एकपक्षीय राजवटीत ‘म्लोलोंगो’ पद्धतीने मतदान घेतलं होतं. म्लोलोंगो म्हणजे रांग. मतदारांनी उमेदवाराच्या माणसामागे रांगेत उभं राहायचं, रांगा मोजायच्या. भर उन्हात सगळ्या गावाला दिसतंय की लांब रांग कुणाची, आणि जाहीर व्हायचा आखूड रांगवाला. मतपत्रिका नाही, म्हणजे फेरमोजणी नाही. रांग पांगली की संपलं. आमच्या स्टोअरकीपरचे वडील अशा एका रांगेत होते. तो म्हणायचा, आम्हाला डोळ्यांनी पाहिलेलं खोटं ठरवता येतं हे माहीत आहे, म्हणून आम्ही कागद मागतो.

@मास्तर: तुमची भीती खरी आहे. तिथे एका केंद्रावर जास्तीत जास्त सातशे मतदार. कोणत्या वस्तीने कुणाला दिलं ते सगळ्यांना कळतं. तसंही आडनावावरून आधीच कळलेलं असतं म्हणा. केनियाने गुप्ततेतला तेवढा भाग देऊन विश्वास विकत घेतला. सौदा महाग आहे की नाही हे मी ठरवू शकत नाही. २०१३ नंतर तर या मुद्द्याला आणखी धार आली. वरचे अधिकारी केंद्रांचे आकडे ‘दुरुस्त’ करतात अशी तक्रार झाली आणि २०१७ च्या मतदानाआधी अपील कोर्टाने सांगून टाकलं की खाली जाहीर झालेला निकाल अंतिम, नैरोबीत बसून तो बदलता येणार नाही.

---

जुनी_पेटी | २० ऑक्टोबर, सकाळी ११.२०

‘नवी लोकशाही’ म्हणताना आपण केनियाकडे बोट दाखवतोय, पण आपली पहिली निवडणूक विसरू नका. २५ ऑक्टोबर १९५१ ला हिमाचलमधल्या ‘चिनी’ नावाच्या तालुक्यात पहिलं मत पडलं. बर्फ पडून रस्ते बंद व्हायच्या आत उरकायचं होतं. बाकी देश फेब्रुवारी १९५२ पर्यंत मतदान करत होता. मतदार सतरा कोटींच्या वर, त्यातले बहुसंख्य निरक्षर. म्हणून प्रत्येक उमेदवाराची वेगळी पेटी, पेटीवर चिन्ह. मतपत्रिकेवर शिक्का वगैरे काही मारायचा नव्हता, ती फक्त हव्या त्या पेटीत टाकायची. मतपत्रिका आमच्या नाशिकच्या सिक्युरिटी प्रेसमध्ये छापल्या, आकार एक रुपयाच्या नोटेएवढा. पेट्यांचं मोठं काम विक्रोळीला गोदरेजकडे. आमचे आजोबा तिथे कामाला होते, त्यामुळे आमच्या घरात ‘नेहरूंना आम्ही निवडून आणलं’ हे वाक्य पेट्यांच्या अर्थाने म्हटलं जायचं.

मुख्य निवडणूक आयुक्त सुकुमार सेन. मूळचे गणिताचे विद्यार्थी. त्यांच्यापुढची एक अडचण मला सगळ्यात मोठी वाटते. उत्तरेत कितीतरी बायका यादीत स्वतःचं नाव सांगेनात. ‘अमक्याची बायको’, ‘तमक्याची आई’. सेन यांनी सांगितलं, असं चालणार नाही, नाव पाहिजे. अखेर सुमारे २८ लाख बायकांची नावं यादीतून गळली. त्यावर केवढा ओरडा झाला. पण पुढच्या निवडणुकीपर्यंत बहुतेकींनी नाव सांगितलं. २८ लाख मतं घालवून यादी खरी ठेवणं बरोबर की चूक, यावर मी आणि माझी बायको दर निवडणुकीला भांडतो. ती म्हणते चूक. गेल्या वेळी तिचंच नाव यादीतून गायब होतं, त्यामुळे तिची बाजू सध्या वरचढ आहे.

आणि हरणाऱ्याबद्दल म्हणाल तर डॉ. आंबेडकर. निवडणूक आयोग सरकारच्या हाताखाली नको, हे संविधान सभेत जून १९४९ मध्ये त्यांनीच मांडलेलं. १९५१ चा लोकप्रतिनिधित्व कायदा झाला तेव्हा कायदामंत्री तेच. आणि त्याच कायद्याखालच्या पहिल्या निवडणुकीत उत्तर मुंबईतून ते काँग्रेसच्या नारायण काजरोळकरांकडून पडले, सुमारे पंधरा हजारांनी. द्विसदस्य मतदारसंघ होता, प्रत्येकाला दोन मतं, ती दोन वेगवेगळ्या उमेदवारांना द्यायची. दोन्ही एकाच्याच पेटीत टाकली की एक बाद. अशी सत्तर हजारांहून जास्त मतं बाद झाली. आंबेडकर आणि समाजवादी नेते अशोक मेहता निवडणूक न्यायाधिकरणाकडे गेले. दोन्ही मतं एकालाच द्या असा प्रचार मुद्दाम केला गेला, हा त्यांचा आक्षेप. याचिका फेटाळली गेली. ते राज्यसभेत गेले, १९५४ ला भंडाऱ्याची पोटनिवडणूक पुन्हा लढले आणि पुन्हा हरले.

सेन मात्र १९५३ मध्ये आफ्रिकेत गेले, सुदानची पहिली निवडणूक घ्यायला. ती नीट झाली. पाच वर्षांनी तिथे लष्कर आलं.

---

फटकळ | २० ऑक्टोबर, दुपारी १२.०२

बरं, शब्द मागे. वाचतोय. शंकरपाळे घेऊन बसलोय.

---

निळा_ध्रुव | २० ऑक्टोबर, दुपारी १.४०

इतकं लांब जायचंच कशाला? मारकडवाडी आठवा. डिसेंबर २०२४, माळशिरस तालुका. गावकरी म्हणाले आमच्या गावातले आकडे आम्हाला पटत नाहीत, आम्ही मतपत्रिकेवर पुन्हा मतदान घेऊन बघतो. प्रशासनाने जमावबंदी लावली, ते रद्द झालं. गंमत म्हणजे ज्यांना आकडे पटले नाहीत त्यांचाच उमेदवार मतदारसंघात निवडून आला होता! म्हणजे नैरोबीकर, तुमचं ‘हरलेल्यालाच पुरावा लागतो’ हे इथे लागू पडत नाही. आणि आता एकदा स्पष्ट बोलूया, विधानसभेला

---

प्रशासक | २० ऑक्टोबर, दुपारी १.५५

वरील प्रतिसादाचा उत्तरार्ध संपादित केला आहे. राज्यातल्या पक्षांवरची चर्चा त्यासाठीच्या धाग्यावर करावी. मारकडवाडीचा भाग विषयाला धरून आहे म्हणून ठेवला आहे. शुभ दीपावली.

---

नैरोबीकर_जुना | २० ऑक्टोबर, संध्याकाळी ६.३०

निळा_ध्रुव, मारकडवाडीचा मुद्दा मान्य. ‘हरलेला’ गावाच्या पातळीवरही असतो हे मी धरलं नव्हतं.

आता २०१७. ८ ऑगस्टला मतदान. त्याच्या आठवडाभर आधी आयोगाच्या संगणक विभागाचे प्रमुख अधिकारी ख्रिस म्सांडो यांचा खून झाला. निकाल पाठवण्याची यंत्रणा ज्यांच्या हाताखाली होती तोच माणूस. त्या दिवसापासून आमच्या कारखान्यात ‘सर्व्हर’ हा शब्द वेगळ्याच आवाजात उच्चारला जायला लागला. स्वाहिली बोलता बोलता मध्येच सर्व्हर.

तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष उहुरू केन्याटा ५४ टक्के मतांनी पुन्हा जिंकल्याचं जाहीर झालं. परदेशी निरीक्षक खूश. अमेरिकेचे माजी परराष्ट्रमंत्री जॉन केरीसुद्धा होते त्यांच्यात. रांगा शिस्तीत होत्या, शाई नीट लागत होती, बाकी काय पाहिजे? निरीक्षकांना दिसतं ते मतदान. बेरीज त्यांना दिसत नाही, ती बंद खोलीत होते. टीव्हीवर आकडे धावत होते आणि त्यामागचे ३४-ए मात्र पोचले नव्हते. आयोग म्हणाला की अकरा हजारांवर केंद्रांत नेटवर्कच नाही. अहो, हे काय मतदानानंतर कळलं?

राईला आधी म्हणाले कोर्टात जाणार नाही, मग गेले. कोर्टाने सर्व्हर बघू द्या म्हणून आदेश दिला, आयोगाने धड बघू दिला नाही. १ सप्टेंबरला मुख्य न्यायमूर्ती डेव्हिड मरागा यांनी निकाल वाचला: निवडणूक रद्द, साठ दिवसांत पुन्हा घ्या. चार विरुद्ध दोन. आफ्रिकेत असं आधी कधी झालं नव्हतं. तेव्हा गणपती बसलेले. एका मित्राकडे दहा दिवसांचा असतो, तिथे नैवेद्याची घाई चाललेली. गेटवरचा आस्कारी, म्हणजे वॉचमन, लुओ होता. रेडिओ कानाला लावून तो अंगणात नाचायला लागला. वहिनींना वाटलं आरती सुरू झाली.

निकालाचा गाभा एवढाच होता की आकडा बरोबर आहे की नाही हा प्रश्नच नंतरचा, तो कसा आला ते दाखवता येत नसेल तर तो धरता येणार नाही. गणिताच्या बाई नुसतं उत्तर लिहिल्यावर मार्क द्यायच्या नाहीत, तसं.

पण पुढचंही सांगतो, नाहीतर गोष्ट फार गोड होईल. आयोग तोच राहिला. त्यातल्या एक सदस्य रोझलिन अकोम्बे जिवाच्या भीतीने न्यूयॉर्कला निघून गेल्या. राईलांनी फेरनिवडणुकीवर बहिष्कार टाकला. २६ ऑक्टोबरला मतदान ३९ टक्क्यांच्या आसपास, उहुरूंना ९८ टक्के मतं. पुन्हा माणसं मेली. जानेवारीत राईलांनी स्वतःच ‘जनतेचे राष्ट्राध्यक्ष’ म्हणून शपथ घेतली आणि मार्चमध्ये दोघांनी एकदम हस्तांदोलन केलं. आमचा ऑपरेटर म्हणाला, आम्ही मेलो कशासाठी मग? त्याला उत्तर द्यायला मी कोण.

यंत्रांबद्दल एक. २०१३ ला बोटांचे ठसे घेणारी यंत्रं आणली. कित्येक शाळांत बॅटऱ्या संपल्या आणि वर्गात प्लगच नव्हता. शिवाय निकाल पाठवण्याच्या प्रणालीतल्या चुकीने बाद मतं आठपट दिसत होती. दरमतदार खर्च आपल्या कैक पट. मतपत्रिका छापून घ्यायच्या दुबईत, ग्रीसमध्ये, कारण देशातल्या छापखान्यावर कुणाचा विश्वास नाही. आणि परदेशी म्हणजे स्वच्छ असंही नाही. एका ब्रिटिश छपाई कंपनीच्या लोकांना केनियातल्या निवडणूक अधिकाऱ्यांना लाच दिल्याबद्दल २०१४ ला लंडनमध्ये दोषी ठरवलं. पत्रव्यवहारात लाचेला ‘चिकन’ म्हणायचे. आमच्या कॅन्टीनमध्ये बरेच महिने कोणी चिकन मागितलं की हशा पिकायचा.

---

व्हाइटनर | २० ऑक्टोबर, रात्री ८.१२

आफ्रिकेतल्याच मलावीतही झालंय हे. माझा आयडी त्यावरूनच घेतलाय, कोणी विचारत नाही म्हणून सांगतो. मे २०१९ च्या निवडणुकीत निकालपत्रकांवर आकडे व्हाइटनर लावून बदललेले सापडले. लोक महिनोन्‌महिने रस्त्यावर. फेब्रुवारी २०२० मध्ये कोर्टाने निवडणूक रद्द केली, न्यायाधीश बुलेटप्रूफ जाकीट घालून कोर्टात आले होते. जूनच्या फेरनिवडणुकीत विरोधी उमेदवार लाझारस चाक्वेरा जिंकले. केनियापेक्षा ही फेरनिवडणूक जास्त खरी म्हणायला हवी, कारण आयोगाच्या अध्यक्षही मधल्या काळात बदलल्या होत्या.

---

अंकगणित | २० ऑक्टोबर, रात्री ९.३३

२०२२ ची एक भन्नाट गोष्ट धागाकर्ते विसरले की मुद्दाम टाळली?

१५ ऑगस्टला आयोगाचे अध्यक्ष चेबुकाटी यांनी राईलांचे प्रतिस्पर्धी विल्यम रुटो ५०.४९ टक्के, ओडिंगा ४८.८५ असं जाहीर केलं. त्याच वेळी सातपैकी चार सदस्य वेगळ्या हॉटेलात जाऊन म्हणाले, आम्हाला हा निकाल मान्य नाही. दुसऱ्या दिवशी त्यांनी कारण दिलं. चारही उमेदवारांची टक्केवारी मिळवली तर १००.०१ होते, आणि हे जास्तीचे ०.०१ टक्के म्हणजे सुमारे १,४२,००० मतं!

वैध मतं साधारण १ कोटी ४२ लाख. त्याचा एक टक्का १,४२,०००. ०.०१ टक्के म्हणजे १,४२० च्या आसपास. आणि तीही मतं नव्हेतच, दोन दशांशांपर्यंत आकडे पूर्णांकित केले की असं होतं. सातवीतल्या मुलाला विचारा. निवडणूक आयोगाचे चार सदस्य टीव्हीसमोर हे बोलले. रुटो निम्म्याच्या रेषेवर फक्त सत्तरेक हजार मतांनी होते, म्हणून त्या चुकीच्या १,४२,००० ला एवढं वजन आलं.

---

नैरोबीकर_जुना | २० ऑक्टोबर, रात्री १०.१५

टाळली नाही, मास्तरांसारख्या माणसासमोर सांगायची लाज वाटली :)

पण बघा, आयोग फुटला, गणित चुकलं, नैरोबीतल्या एम्बाकासीचा एक निवडणूक अधिकारी बेपत्ता होऊन मृतावस्थेत सापडला, फरक फक्त २ लाख ३३ हजारांचा. २००७ पेक्षा कमी का होती भडका उडायची सामग्री? या वेळी मात्र छेचाळीस हजारांवर केंद्रांचे कागद आयोगाने सगळ्या जगासाठी उघडे टाकले होते. वर्तमानपत्रांनी पोरं बसवून स्वतः बेरजा केल्या. आमच्या अकाउंट्समधल्या दोघांनी आपापल्या गावाच्या केल्या. राईला कोर्टात गेले, ५ सप्टेंबरला सगळ्या न्यायाधीशांनी एकमताने याचिका फेटाळली. पटलं नाही, पण मानतो, अशा अर्थाचं ते बोलले. आमच्याकडे त्या दिवशी गौरी विसर्जन होतं.

त्यानंतर जानेवारी २०२३ पासून जवळजवळ अडीच वर्षं आयोगाला अध्यक्षच नव्हता, सदस्यही नाहीत. जुलै २०२५ मध्ये कुठे नेमले. इतकं करून पुन्हा तेच. घर बांधलं आणि चौकीदार ठेवायला विसरले.

---

मास्तर_सातपुडा | २१ ऑक्टोबर, सकाळी ८.४०

अंकगणित, पूर्णांकाचं उदाहरण सातवीच्या वर्गात वापरणार, शाळा उघडली की.

प्रती न्यायला कोणी थांबत नाही असं मी म्हणालो. एकदा थांबला होता. पावरा म्हातारा, एका अपक्षाचा एजंट. दिवसभर भिंतीला टेकून बसलेला, डबा पण आणला नव्हता, आमच्यातलीच भाकरी दिली. संध्याकाळी म्हणाला, कागद द्या. सही येत नव्हती, अंगठा घेतला. त्याने कागद चार घड्या घालून पागोट्यात खोचला आणि अंधारात डोंगर चढून गेला. त्याला वाचता येत नव्हतं. घरी जाऊन नातवाकडून वाचून घेतो म्हणाला.

---

मधुरा_के | २१ ऑक्टोबर, दुपारी १२.२५

नैरोबीकर, केनियात पुढची कधी?

---

नैरोबीकर_जुना | २१ ऑक्टोबर, दुपारी १.०५

घटनेत ठरलेलंच आहे, दर पाचव्या वर्षी ऑगस्टचा दुसरा मंगळवार. म्हणजे १० ऑगस्ट २०२७. राईलांशिवायची, २००२ नंतर प्रथमच.

---

जुनी_पेटी | २१ ऑक्टोबर, दुपारी १.३०

निकालाला आठवडा, याचिकेला आठवडा, कोर्टाला चौदा दिवस. पंचांग काढून बघितलं. २०२७ ला गणेश चतुर्थी ४ सप्टेंबरला आहे. पुन्हा गौरीतच येतोय तुमचा निकाल.

---

नैरोबीकर_जुना | २१ ऑक्टोबर, दुपारी १.४२

मित्राला कळवतो. तो आस्कारी अजून तिथेच आहे.